छापील वार्तापत्र बंद करावे का?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“आमच्या हौशी धावपटूंच्या मंडळाचे छापील मासिक वार्तापत्र मी गेली एकोणीस वर्षे संपादित करत आहे. चार पाने आणि सव्वाशे प्रती, एवढाच त्याचा पसारा. नव्या कार्यकारिणीचे म्हणणे असे की, शर्यतीचा निकाल त्याच संध्याकाळी फोनवर कळत असताना तीन आठवड्यांनी तो छापण्यात काही अर्थ नाही; वार्तापत्र बंद करावे आणि सर्व वृत्तांत मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावेत. ज्येष्ठ सभासदांना मात्र कागदच हवा आहे. मधला मार्ग म्हणून मी छापील अंकाची पीडीएफ सभासदांच्या फोनवर पाठवू लागलो, पण ती कोणी उघडत नाही. त्यातच गेल्या महिन्यात सर्वांत शेवटी पोहोचलेल्या सभासदाविषयी संकेतस्थळावरील वृत्तांतात एक थट्टेचे वाक्य आले आणि ते गृहस्थ दुखावले गेले. मी माझा हट्ट सोडावा का? आणि सोडलाच, तर घरी पडलेल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्याचे काय करावे?”

स. न. वि. वि.

निकालापुरते कार्यकारिणीचे म्हणणे बरोबर आहे आणि ते आपण पुढच्या बैठकीची वाट न पाहता मान्य करून टाकावे. शर्यत संपवून घरी गेलेल्या माणसाला त्या दिवशी दोनच गोष्टी हव्या असतात, आपला क्रमांक आणि आपली वेळ. तीन आठवड्यांनी त्याच आकड्यांचे त्याला फार तर कौतुक वाटते, उत्सुकता वाटत नाही. ही भूक हौशी मंडळांनी फार पूर्वीच ओळखली आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी जी साप्ताहिक पाच किलोमीटरची धाव सुरू केली आणि जी पुढे पार्करन या नावाने अनेक देशांत पसरली, तिच्या आरंभीच्या दिवसांत पोहोचण्याचा क्रम दाखवण्यासाठी धावपटूंच्या हातात धातूचे साधे वॉशर दिले जात. साधने एवढी घरगुती होती, तरी प्रत्येकाची वेळ नोंदवून निकाल लगोलग सर्वांसमोर ठेवण्याची शिस्त त्यांनी लावून घेतली. धावणाऱ्यांना दर आठवड्याला परत आणण्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

निकाल पडद्यावर जाण्याचा दुसरा लाभ दुरुस्तीचा आहे आणि संपादक म्हणून तो आपल्याला माझ्यापेक्षा अधिक जाणवत असेल. समजा, एका सभासदाची वेळ ५४ मिनिटे १२ सेकंद छापली गेली, परंतु तो गर्दीत मागे उभा असल्यामुळे प्रारंभरेषेपर्यंत पोहोचायलाच त्याला ४० सेकंद लागले होते. म्हणजे छापलेली वेळ गन टाइम, शर्यत सुटल्याच्या इशाऱ्यापासून मोजलेली, होती आणि त्याची चिप टाइम, स्वतः प्रारंभरेषा ओलांडल्यापासून मोजलेली, ५३ मिनिटे ३२ सेकंद होती. छापील अंकात याची भरपाई पुढच्या महिन्यात, तिसऱ्या पानाच्या तळाशी, कोणी न वाचणाऱ्या शुद्धिपत्रात होते. पडद्यावर ती दहा मिनिटांत होते. मात्र एक पथ्य पाळायला सांगावे: आकडा गुपचूप बदलू नये, तर तक्त्याखाली “अमुक तारखेला वेळ दुरुस्त केली, आधी गन टाइम दिली होती” असे एक वाक्य जोडावे. ज्या निकालातील आकडे न सांगता बदलतात, त्या निकालावरचा विश्वास दोन-तीन शर्यतींतच उडतो.

इथपर्यंत मी कार्यकारिणीच्या बाजूने आहे. “सर्व वृत्तांत संकेतस्थळावर टाकावेत आणि कागद बंद करावा” या वाक्यात मात्र दोन वेगळी कामे एकत्र गुंडाळली गेली आहेत. आपले वार्तापत्र गेली एकोणीस वर्षे बातमीही पोहोचवत होते आणि मंडळाचे दप्तर, म्हणजे कायमच्या नोंदी, हेही सांभाळत होते. दोन्ही कामे एकाच चार पानांत होत असल्यामुळे ती दोन आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. बातमीचे काम कागदाच्या हातून गेले आहे. दप्तराचे काम मात्र संकेतस्थळावर मजकूर टाकल्याने आपोआप होत नाही.

हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगते आहे. हौशी टेबल टेनिसपटूंच्या ज्या गटात मी बरीच वर्षे खेळले, त्या गटाने सायक्लोस्टाइल केलेले पत्रक बंद करून आपले सगळे वृत्तांत एका फुकट सेवेवर ठेवायला सुरुवात केली. सहा हंगाम सुखाने पार पडले. मग ती सेवा बंद झाली. बंद होण्याची सूचना ज्या पत्त्यावर आली, तो पत्ता गट सोडून गेलेल्या एका सभासदाचा होता, आणि आम्हाला कळेपर्यंत तिथे काही उरले नव्हते. त्या सहा हंगामांत साखळीत कोण पहिले आले हेही आता आम्ही आठवणीने आणि थोडेफार भांडून ठरवतो. त्याआधीची पत्रके मात्र एका ट्रंकेत आहेत. टाचण्या गंजल्या आहेत, शाई फिकट झाली आहे, पण प्रत्येक सामन्याचे गुण वाचता येतात.

आमची गोष्ट एकट्याची नाही. हौशी मंडळांची असंख्य घरगुती पाने ज्या जिओसिटीज सेवेवर होती, ती २००९ मध्ये बहुतेक ठिकाणी बंद झाली. याहू ग्रुप्सवर साठलेला वर्षानुवर्षांचा मजकूर २०१९ च्या अखेरीस काढून टाकण्याचे ठरले आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. दोन्ही वेळी आधी सूचना दिली गेली होती. परंतु सूचना वाचून उठणारा आणि सगळे उतरवून घेणारा माणूस प्रत्येक मंडळात होताच असे नाही. कागद अमर आहे असा माझा दावा नाही. स्वस्त कागदातील लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो, वाळवी आणि ओल यांचे तर बोलायलाच नको. पण कागद हळूहळू जातो आणि जाताना डोळ्यांना दिसतो. संकेतस्थळ नूतनीकरणाची तारीख चुकली की एका रात्रीत दिसेनासे होते.

म्हणून माझा सल्ला असा की वार्तापत्र बंद करू नये, पण ते मासिकही ठेवू नये. त्रैमासिक करावे किंवा माणसे आणि पैसा कमी असेल तर सहामाही करावे आणि त्यातून बातमीचा भार पूर्णपणे काढून टाकावा. मधोमध टाचणी मारलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात हे आपण जाणताच. तेव्हा आठ किंवा बारा पानांचा विचार करावा. त्या पानांत तिमाहीतील सर्व निकाल, वाद मिटून आणि दुरुस्त्या होऊन जे अंतिम ठरले, ते यावेत. सभासदांच्या वैयक्तिक सर्वोत्तम वेळांची ताजी यादी यावी. मार्ग बदलला असल्यास कोणत्या वळणावर आणि का बदलला, हे यावे, कारण पाच वर्षांनी जुन्या-नव्या वेळांची तुलना करताना नेमके हेच कोणाला आठवत नाही. पाणी देणाऱ्या आणि वळणावर उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांची नावे यावीत. निकालाच्या तक्त्यात त्यांना कधीच जागा नसते. आणि एक दीर्घ वृत्तांत यावा, दोन पानांचा, सवडीने लिहिलेला.

एवढी पाने कशी भरायची, ही धास्ती आपल्याला वाटत असल्यास थोडा दिलासा देते. क्रिकेटच्या नोंदींचा आज जो आधार मानला जातो, त्या विस्डेनच्या वार्षिकाचा १८६४ मधील पहिला अंक अवघ्या ११२ पानांचा होता आणि तेवढी पाने भरायलाही त्यात घोड्यांच्या शर्यतींतील विजेत्यांच्या याद्या आणि इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजावरील खटल्याची हकिकत घालावी लागली होती. आपल्यावर राजाचा खटला छापण्याची वेळ यायची नाही. पण सुरुवातीचे एक-दोन अंक विरळ झाले तरी घाबरू नये.

बातमी गेल्यावर छापील प्रकाशनाने काय करावे, हा पेच बुद्धिबळाला सर्वांच्या आधी पडला, कारण बुद्धिबळाचा संपूर्ण डाव काही ओळींच्या मजकुरात मावतो आणि तारेवरून सहज धाडता येतो. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या चेस इन्फॉर्मंटमध्ये निवडक डाव टिपणांसह छापले जात आणि जगभरचे खेळाडू त्या खंडांची वाट पाहत. १९९४ मध्ये द वीक इन चेस हे साप्ताहिक संकलन इंटरनेटवर सुरू झाले आणि ताजे डाव आठवड्याच्या आत हाती येऊ लागले. नुसती डावाची नोंद कागदावर मिळवण्यासाठी थांबण्याचे कारण उरले नाही. कागदाजवळ निवड आणि टिपणे राहिली. आपल्या मंडळाच्या बाबतीतही हेच घडायचे आहे, फक्त टिपणे चालींवर नसून चढावरच्या चौथ्या किलोमीटरवर असतील.

आता पीडीएफविषयी. ती कोणी उघडत नाही यात सभासदांचा दोष नाही आणि आपल्या मजकुराचाही नाही. आपले पान हातात धरून वाचण्यासाठी जुळवलेले आहे. दोन स्तंभ, बारीक अक्षर, कोपऱ्यात चौकट. फोनच्या पडद्यावर तेच पान उघडले की वाचकाला आधी ते मोठे करावे लागते, मग पहिला स्तंभ वाचत खाली जावे लागते, मग पुन्हा वर येऊन उजवीकडे सरकावे लागते, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत त्याचा धीर सुटतो. पडद्यासाठीचा वृत्तांत वेगळाच लिहायला हवा: एका स्तंभात, साध्या मजकुराच्या स्वरूपात, निकाल वर आणि हकिकत खाली. निकालाच्या कागदाचे छायाचित्र काढून टाकण्याची जी सवय सर्वत्र दिसते, तीही मोडायला सांगावी. छायाचित्रातले नाव सहज शोधता येत नाही, आकड्यांची बेरीज करता येत नाही आणि दृष्टी नसलेल्या सभासदाचा फोन ते नीट वाचून दाखवेलच असे नाही. मजकुराचा साधा तक्ता हे सगळे करतो. संदेशगटावर टाकलेला निकाल तर दप्तरात धरूच नये. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खाली गेलेला मार्चमधला निकाल ऑक्टोबरमध्ये कोणी शोधून दाखवावा.

दुखावलेल्या सभासदाचा प्रसंग आपण पत्रात ओझरता लिहिला आहे, परंतु मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यावसायिक खेळात ज्याच्याविषयी लिहायचे तो खेळाडू आणि वाचक ही दोन वेगळी माणसे असतात. हौशी खेळात ती एकच असतात. आपला प्रत्येक वृत्तांत सर्वांत आधी तो माणूस वाचतो ज्याचे नाव त्यात आहे, आणि तो आधी स्वतःचे नाव शोधतो, ते नीट लिहिले आहे का पाहतो, मग उरलेले वाचतो. छापील अंकात लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये दोन आठवडे असत. प्रुफे येत, आपण ती वाचत असा, आणि शर्यतीच्या दिवशी विनोदी वाटलेले वाक्य प्रुफात नुसते बोचरे दिसल्यामुळे आपण ते खोडत असा. हे खोडणे कोणाला दिसले नाही, म्हणून आता त्याची उणीवही कोणाला उमगत नाही. शर्यतीच्या संध्याकाळी दमलेला तरुण सभासद उत्साहात लिहितो, बटण दाबतो आणि ते वाक्य सव्वाशे माणसांपुरते राहत नाही. त्या गृहस्थांचे नाव शोधणाऱ्या त्यांच्या कार्यालयातील सहकाऱ्यालाही ते सापडते.

यावर उपाय साधा आहे. वृत्तांत प्रसिद्ध होण्यापूर्वी तो लिहिणाऱ्याखेरीज आणखी एकाने वाचावा, आणि तो आणखी एक, निदान पहिले वर्षभर, आपण असावे. निकाल लगेच जाऊ द्या, हकिकत सकाळपर्यंत थांबली तर कोणाचे बिघडत नाही. झालेल्या चुकीबद्दल ते वाक्य काढून टाकावे, आणि लिहिणाऱ्याने त्या सभासदांना प्रत्यक्ष भेटून दिलगिरी व्यक्त करावी. संकेतस्थळावर जाहीर माफी छापून थट्टेची पुन्हा जाहिरात करू नये. याच ओघात आणखी काही सवयी तपासाव्यात. निकालात जन्मतारखेऐवजी वयोगट द्यावा. अल्पवयीन धावपटूंची नावे आणि छायाचित्रे पालकांना विचारूनच टाकावीत. शर्यत कोणी अर्धवट सोडली असेल तर तेवढेच लिहावे. कारण पायाचा गोळा होता की आणखी काही, हे सांगायचे की नाही ते त्या माणसाने ठरवायचे.

छायाचित्रांबाबत एकच तांत्रिक सूचना. छपाईसाठी इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात, म्हणजे १० सेंटिमीटर रुंद छापायच्या चित्राची रुंदी किमान १,१८० पिक्सेलच्या आसपास हवी. संदेशातून नेहमीच्या पद्धतीने आलेली चित्रे वाटेत आकसलेली असतात. पडद्यावर ती चकचकीत दिसतात आणि कागदावर धुरकट उतरतात. ती दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगितल्यास मूळ आकारात येतात.

ज्येष्ठांना कागद हवा आणि तरुणांना फोन, ही विभागणी आपण आणि कार्यकारिणी दोघांनीही गृहीत धरलेली दिसते. ती मोजून पाहावी. वार्षिक वर्गणीच्या अर्जात एक प्रश्न घालावा: छापील अंक हवा, की नको? उत्तर दिले नाही तर अंक जाणार नाही, एवढे स्पष्ट लिहावे. आमच्या गटात हा प्रश्न विचारला तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या तिघांनी कागद नाकारला, कारण फोनवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आणि ज्यांना कागदाचे वावडे आहे असे आम्ही समजत होतो त्या नवख्या मुलींपैकी दोघींनी आवर्जून प्रत मागितली, कारण त्यांच्या पहिल्या विजयाचा निकाल त्यात येणार होता. आपल्याकडे आकडे वेगळे निघतील. कदाचित सव्वाशेच्या जागी साठच प्रती लागतील, आणि तेवढ्यात खर्चाचा वाद पुष्कळसा निवेल.

हट्ट सोडावा का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की मासिकाचा सोडावा, दप्तराचा सोडू नये. संकेतस्थळाचा ताबा आपण मागू नये. तो तरुण मंडळींकडेच शोभतो. पण काही गोष्टी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात. संकेतस्थळाचे नाव कोणा एका सभासदाच्या नव्हे, तर मंडळाच्या नावावर नोंदलेले असावे. परवलीचे शब्द किमान दोघांजवळ असावेत आणि पदाधिकारी बदलले की तेही हस्तांतरित व्हावेत. दर तिमाहीला सर्व निकाल साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत, आणि फायलींची नावे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावीत, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. “अंतिम”, “नवा अंतिम”, “खरा अंतिम” अशा नावांचा संसार कोणाच्याच उपयोगाचा नसतो. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. आपली महत्त्वाची पाने तिथे जतन करण्याची विनंतीही विनामूल्य करता येते. मात्र तिला आपल्या दप्तराची जोड मानावे, दप्तराचा पर्याय मानू नये.

राहिला गठ्ठा. तो रद्दीत देण्याचा विचार मनात आला असेल तर कृपया आवरावा. आधी सर्व अंक क्रमांकाप्रमाणे लावावेत आणि कोणते गहाळ आहेत याची यादी करावी. गंजलेल्या टाचण्या ओढून न काढता त्यांची टोके मागून बोथट पात्याने उचकटून काढाव्यात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि अक्षरेच खातो. स्कॅन ३०० ठिपक्यांवर करावे आणि फाइल पीडीएफ-ए या स्वरूपात साठवावी. दीर्घकाळ जतन करण्यासाठीच ते स्वरूप २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरवले गेले. स्कॅनमधून मजकूर आपोआप ओळखणारी साधने जुन्या, फिकट छपाईतील आडनावे हमखास चुकवतात, तेव्हा व्यक्ती आणि शर्यती यांची सूची हातानेच करावी लागेल. ते काम कंटाळवाणे आहे, पण ज्याने एकोणीस वर्षे प्रुफे वाचली त्याला जमण्यासारखे आहे. एक सावधगिरी मात्र विसरू नये: त्या काळी आपण सभासदांचे घरचे पत्ते, दूरध्वनी आणि जन्मतारखा निःशंकपणे छापत असा. ती पाने सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी तेवढा भाग झाकावा. मूळ अंकांचा एक संच बांधून मंडळाकडे ठेवावा आणि दुसरा जमल्यास सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावा.

गहाळ अंकांसाठी फार दूर जावे लागणार नाही. त्या महिन्यांत कोण जिंकले होते, कोणाचे छायाचित्र पहिल्या पानावर आले होते, हे आठवून त्यांच्या घरी विचारावे; स्वतःचे नाव आलेला अंक माणूस सहसा टाकत नाही. जे तरीही मिळणार नाहीत त्यांचे क्रमांक पहिल्या त्रैमासिकाच्या मागच्या पानावर छापावेत, आणि तीच यादी त्या दिवशी संध्याकाळी संकेतस्थळावरही टाकायला सांगावी.